समुद्रतळावरच्या दरडींवरून हजारो वर्षांपूर्वीचे भूकंप कसे ओळखतात?

तुम्ही विचारलंय की समुद्रात दरड कोसळायला वादळ, नदीचा पूर, नुसता साचलेल्या गाळाचा भारसुद्धा पुरतो, मग गाळाचा थर पाहून 'हा भूकंपाचाच' असं कशावरून म्हणतात? शंका रास्त आहे. एकटा थर पाहून तसं म्हणताच येत नाही. एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या, समुद्रतळावरच्या घळींमध्ये तेच थर, त्याच क्रमाने आणि तेवढेच सापडले, तरच भूकंपाचं नाव घ्यावं.

आधी थर बनतो कसा ते पाहू. हादऱ्याने उतारावरचा गाळ सुटतो, पाण्यात मिसळून त्याचा जड लोट होतो आणि तो घळीतून खाली धावतो. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ग्रँड बँक्सजवळ ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्राजवळच्या तारायंत्राच्या केबल लगेच तुटल्या, खालच्या बाजूच्या एकामागून एक तुटत गेल्या आणि शेवटची तर १३ तासांनंतर तुटली. हीझन आणि युइंग या समुद्रतळाच्या अभ्यासकांनी १९५२ मध्ये याच वेळांवरून लोटाचा वेग काढला. लोट मंदावला की आधी वाळू बसते, मग बारीक रेती, शेवटी चिखल. या थराला टर्बिडाइट म्हणतात. समुद्रतळातून काढलेला गाळाचा दंडगोल, म्हणजे कोअर, उभा चिरला की तो डोळ्यांना दिसतो: खाली किड्यांनी पोखरलेला हिरवट-राखाडी चिखल, त्यावर सुरीने कापल्यासारखी वाळूची गडद रेघ, आणि तिथून वर बोट फिरवत गेलं की खरखर कमी होत जाते.

या अभ्यासाचं सगळ्यात गाजलेलं ठिकाण म्हणजे कॅस्केडिया. उत्तर कॅलिफोर्नियापासून व्हँकूव्हर बेटापर्यंत सुमारे १००० किलोमीटर लांबीचा हा पट्टा, जिथे समुद्राचा तळ खंडाखाली सरकतो. इथे कॅनडाच्या जॉन ॲडम्स यांनी १९९० मध्ये मांडलेला युक्तिवाद मला आजही या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो. सुमारे ७७०० वर्षांपूर्वी ओरेगनमधला मॅझामा ज्वालामुखी फुटला. त्याची राख कोलंबिया नदीने समुद्रात आणली, त्यामुळे राख असलेला पहिला थर ही मोजणीची खूण झाली. त्यानंतरचे थर मोजले तर वेगवेगळ्या उपघळींत १३, आणि त्या जिथे एकत्र येतात त्या संगमाखालीही १३च! दोन घळींत लोट वेगवेगळ्या दिवशी आले असते तर संगमाखाली थरांची संख्या वाढायला हवी होती. ती वाढली नाही, याचा अर्थ लोट काही तासांच्या फरकाने आले. इतक्या दूरवरचे उतार एकाच वेळी हलवणारं दुसरं कारण सापडणं अवघड. पुढे ओरेगन स्टेट विद्यापीठाचे ख्रिस गोल्डफिंगर आणि सहकाऱ्यांनी हाच धागा किनाऱ्याच्या संपूर्ण लांबीवर नेला. २०१२ च्या त्यांच्या अहवालात सुमारे १०,००० वर्षांत पूर्ण पट्टा फाटणारे १९ भूकंप आहेत, आणि दक्षिणेकडचे छोटे धरून एकूण ४१.

मग नुसत्या रेडिओकार्बन तारखा, म्हणजे कवचांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेली वयं, जुळवल्या तर चालत नाही का? नाही. त्यांची त्रुटीच काही दशकांची असते, त्यामुळे एकाच रात्री झालेल्या आणि चाळीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन घटना त्या तारखांमध्ये सारख्याच दिसतात. शिवाय टर्बिडाइटच्या आतलं काहीही तारखेसाठी घ्यायचं नाही, कारण ते वरून वाहून आलेलं, जुनं असतं. नमुना घ्यायचा तो थराच्या लगेच खालच्या शांत चिखलातून, दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा. तो चाळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने पृष्ठभागाजवळ जगणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म एकपेशीय जिवांची कवचं एकेक करून वेचायची. काही मिलिग्रॅम जमवायला शेकडो कवचं लागतात. फार खोल पाण्यात ती विरघळून जातात, तिथे तारीख मिळतच नाही. आणखी एक, समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच 'जुना' असतो. ईशान्य पॅसिफिकमध्ये त्यापोटी सुमारे ८०० वर्षं वजा करावी लागतात. लोटाने खालचा चिखल खरवडून नेला असेल तर वय तेवढं जास्त येतं. चिखल हजार वर्षांत साधारण दहा-वीस सेंटिमीटर साचतो, म्हणजे दोन सेंटिमीटर गेले तरी शंभर-दोनशे वर्षांची चूक.

कोअर काढतानाही गडबड होते. पिस्टन कोअरमध्ये, म्हणजे आत पिस्टन बसवलेली नळी वजनाने तळात घुसवून काढलेल्या कोअरमध्ये, नळी घुसत असताना पिस्टन तळाच्या पातळीवर स्थिर राहायला हवा. वजन सुटल्यावर जहाजाची तार आखडते, त्या धक्क्याचा हिशेब चुकला तर पिस्टन वर खेचला जातो आणि थर ताणले जातात. नळीच्या दाबाने सर्वात वरचा मऊ चिखल उडून जातो, तो त्रास वेगळाच. कॅस्केडियात नेमका तिथेच २६ जानेवारी १७०० चा थर असतो, म्हणजे ज्याची तारीख सगळ्यात पक्की तोच! जपानमधल्या त्सुनामीच्या नोंदी आणि वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात मेलेली देवदारासारखी झाडं त्या तारखेला दुजोरा देतात. वरचा चिखल असा उडून जातो म्हणून शेजारच्या छोट्या ट्रिगर कोअरचा, म्हणजे मोठी नळी सोडायला आधी तळाला टेकणाऱ्या छोट्या नळीतल्या कोअरचा, वरचा भाग जोडून घ्यावा लागतो.

सगळं पटलेलं आहे असंही नाही. अमेरिकी भूवैज्ञानिक ब्रायन ॲटवॉटर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये कॅस्केडियाच्या थरांच्या जुळवणीवर गंभीर आक्षेप घेतले, आणि दक्षिणेकडच्या छोट्या भूकंपांबद्दल माझ्या मते ते मनावर घ्यायला हवेत. दुसरी अडचण अशी की थर नाही म्हणजे भूकंप नाही, असं होत नाही. आधीच्या हादऱ्याने उतार रिकामा झाला असेल तर पुढच्या वेळी घसरायला गाळच नसतो.

आपल्या पश्चिम किनाऱ्याशी संबंध येतो तो मकरानचा, म्हणजे पाकिस्तान आणि इराणच्या किनाऱ्याचा. नोव्हेंबर १९४५ मधल्या तिथल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली होती. पण तिथे कोरड्या डोंगरांतले ओढे अचानक फुगून गाळ थेट खोल समुद्राकडे ढकलतात. त्यामुळे एका घळीतले थर मोजून तिथल्या भूकंपांचा आकडा कुणी सांगत असेल, तर शेजारच्या घळीत तेच थर सापडले का, हे आधी विचारा.