बिबलाटेक: सेटिंग बदललं, तरी संदर्भसूची तशीच का?

बिबलाटेक म्हणजे लाटेक या टाइपसेटिंग प्रणालीत संदर्भसूची तयार करणारं पॅकेज. त्यात सेटिंग बदलूनही सूची तशीच का राहते, असं तुम्ही विचारलंत. तुम्हाला 'ऑथरइयर' (लेखक-वर्ष) शैलीत तीन बदल हवे आहेत: मजकुरात तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिलंच नाव आणि सूचीत सगळे, लेखाच्या शीर्षकाभोवती अवतरणचिन्हं नकोत, आणि खंड-अंक १२.३ असा न येता १२(३) असा. तिन्ही प्रीअँबलमधून, म्हणजे दस्तऐवजाच्या सुरुवातीच्या सेटिंगच्या भागातून होतात. मूळ शैलीच्या फाइलला हात लावू नका, पॅकेज अपडेट झालं की केलेलं सगळं पुसलं जाईल.

नावांसाठी मॅक्ससाइटनेम्स=२, मिनसाइटनेम्स=१ आणि मॅक्सबिबनेम्स=९९ द्या. तरीही मजकुरात मधूनच कुठेतरी तीन-चार नावं उमटतात, ती युनिकलिस्टमुळे. या शैलीत तो पर्याय मुळातच चालू असतो. पहिला लेखक एकच पण सहलेखक वेगळे अशा दोन नोंदी असल्या की गोंधळ टाळण्यासाठी तो तुमची मर्यादा मोडून यादी लांबवतो. युनिकलिस्ट=फॉल्स केलंत तर त्याऐवजी, वर्ष सारखं असेल तेव्हा, वर्षापुढे अ-ब सारखी अक्षरं लागतात. युनिकलिस्ट=मिनइयर दिलं तर वर्षही सारखं असेल तेव्हाच यादी लांबते. मला हा मधला मार्ग बरा वाटतो. लेखकांच्या नावांची फक्त आद्याक्षरं यावीत म्हणून गिव्हनइनिट्स वापरत असाल तर युनिकनेम=इनिट हेही सोबत द्या, म्हणजे सारखी आडनावं वेगळी दाखवतानाही आद्याक्षरंच येतात.

अवतरणचिन्हं न जाण्याचं कारण वेगळं. तुम्ही डिक्लेअरफील्डफॉरमॅट (एखादं फील्ड, म्हणजे शीर्षकासारखा नोंदीतला घटक, कसं छापायचं ते ठरवणारी कमांड) नोंदीचा प्रकार न सांगता लिहिलं आहे. मूळ शैलीत आर्टिकल, इनबुक वगैरेंसाठी शीर्षकाचं स्वतंत्र फॉरमॅट ठरलेलं असतं आणि खास फॉरमॅट सर्वसाधारण फॉरमॅटला नेहमी हरवतं. चौकोनी कंसात आर्टिकल लिहा. सगळ्याच प्रकारांना लागू करायचं असेल तर याच कमांडचं तारांकित रूप घ्या, ते खास फॉरमॅट्स आधी पुसतं. (त्यात पुस्तकांची शीर्षकंही सरळ होतील, हे लक्षात असू द्या.)

खंड-अंकासाठी आर्टिकलच्या नंबर फील्डचं फॉरमॅट एमकेबिबपॅरेन्सने कंसात घ्या आणि 'व्हॉल्यूम+नंबर+ईआयडी' हा बिबमॅक्रो (नोंदीचा एक भाग छापणारा आज्ञांचा संच) रीन्यूबिबमॅक्रोने पुन्हा लिहा, पण त्यातली ॲडडॉटवाली सेटयुनिट ओळ, म्हणजे खंड आणि अंकामध्ये टिंब घालणारी ओळ, गाळून. प्रत्येक ओळीच्या शेवटी टक्केचिन्ह हवंच. नाहीतर ओळ मोडल्याची जागा छापली जाते आणि १२ (३) दिसतं. पुढचा स्वल्पविराम हाताने टाइप करू नका, सेटयुनिटमध्येच द्या. हाताने टाकलेल्या चिन्हाची बिबलाटेकला खबर नसते, म्हणून एखादं फील्ड रिकामं निघालं की दोन चिन्हं शेजारी येऊन बसतात.

आणि बदल 'लागत नाही' असं वाटलं तर आधी कुठला बदल ते पाहा. फील्डचं फॉरमॅट किंवा बिबमॅक्रो असेल तर लाटेक एकदा चालवणं पुरतं. नावांची संख्या, युनिकलिस्ट आणि क्रमवारी मात्र बायबर, म्हणजे बिबलाटेकसाठी नोंदींवर प्रक्रिया करणारा वेगळा प्रोग्राम ठरवतो. तिथे लाटेक, बायबर आणि पुन्हा दोनदा लाटेक. एवढ्यानेही हललं नाही तर बीबीएल आणि बीसीएफ या मधल्या तात्पुरत्या फाइली काढून टाका आणि पहिल्यापासून चालवा.