पणजोबांची तीन लग्ने, त्यांतले एक पाटाचे : वंशावळीत हे कसे नोंदवावे?

आपण विचारले आहे की पणजोबांची तीन लग्ने झाली होती, तिसरे पाटाचे, म्हणजे विधवा किंवा काडीमोड (घटस्फोट) झालेल्या बाईशी रूढीने लावलेले होते, त्या तिसऱ्या पणजीला आधीच्या नवऱ्यापासून एक मुलगीही होती, आणि पणजोबांची कोणती मुले कोणत्या आईची हे आता घरात कोणालाच नक्की सांगता येत नाही. त्यात ‘पाटाचे काही लिहू नका’ असा वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचे काम मी करत आलो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपली अडचण मुख्यतः वंशावळ मांडण्याच्या जुन्या पद्धतीमुळे झाली आहे. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशी उतरंड लावायची आणि बायकांची नावे कंसात टाकायची, या रीतीत एकाहून अधिक लग्ने नीट बसतच नाहीत. म्हणून प्रत्येक लग्नाला स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र क्रमांक द्यावा. त्या नोंदीत वधूचे माहेरचे आणि सासरचे नाव, माहेरचे आडनाव व गाव, तिथी किंवा निदान अंदाजे साल, लग्न की पाट, ते मृत्यूने संपले की काडीमोडीने, आणि यातली प्रत्येक गोष्ट कशावरून कळली, एवढे असावे. मुले बापाखाली न लिहिता त्या त्या लग्नाखाली लिहावीत. वंशावळीच्या संगणक प्रणाल्यांत वापरला जाणारा जेडकॉम हा नमुनाही असाच चालतो. त्यात जोडप्याची नोंद वेगळी असते आणि मुले तिला जोडलेली असतात.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण घ्या. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या; रघुनाथ हे त्यांचे पुत्र, जन्म १८८२ चा. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई माहेरच्या जोशी, बालपणीच विधवा झालेल्या, पहिल्या सासरच्या नातू आणि या लग्नानंतर आनंदीबाई कर्वे. म्हणजे त्यांच्या नावावर दोन लग्ने आणि कर्व्यांच्या नावावरही दोन, पण एकूण नोंदी तीन होतात आणि शंकर, दिनकर व भास्कर हे पुत्र तिसऱ्या नोंदीखाली येतात. कंसातल्या पद्धतीत नातूंशी झालेले लग्न कुठेच दिसले नसते. ही तारीख फाल्गुनातली, शके १८१४ ची, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. पौषाचा उत्तरार्ध, माघ आणि फाल्गुन या काळासाठी इसवी सन काढताना शकात ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात, नाहीतर लग्नाचे साल १८९२ येते. लग्नांच्या तिथी पुष्कळदा माघ-फाल्गुनातल्याच असल्यामुळे ही चूक वारंवार होते आणि मग लग्न एक वर्ष आधीचे ठरते.

कोणते मूल कोणत्या आईचे, हे शोधायला मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो तलाठ्याकडचा जुना फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलांची नोंद, गाव नमुना ६. पणजोबा वारल्यावर वारस नोंद झाली असेल, तर तिच्यात विधवेचे आणि मुलांचे नाव असते, आणि अज्ञान (वयाने लहान) मुलापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असे लिहून पालनकर्त्याचे नाव दिलेले असते. मात्र तिथे ‘आई’ म्हणून लिहिलेली बाई सख्खीच असेल असे धरू नका, कारण सावत्र आईही पालनकर्ती असू शकते. मुलाचे वय आणि लग्नाचे साल ताडून पाहा. तेवढ्यानेही निर्णय लागला नाही, तर ‘आई : पहिली किंवा दुसरी पत्नी’ असे सरळ लिहावे. ओढूनताणून लावलेली आई पुढच्या पिढीला पुरावा वाटू लागते. तिसऱ्या पणजीची आधीची मुलगी मात्र तिच्या पहिल्या लग्नाखालीच राहील, मग ती आपल्या घरात वाढलेली का असेना.

दुसरे लग्न झाले म्हणजे पहिली बायको वारली असणार, असेही गृहीत धरू नये. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला १९४६ च्या कायद्याने बंदी आली. विदर्भ मध्य प्रांतात आणि मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो कायदा तिथे लागू नव्हता. सर्वत्र बंदी आली ती १८ मे १९५५ पासून, हिंदू विवाह कायद्याने. त्याआधी दोन्ही बायका एकाच घरात नांदत असणे शक्य आहे आणि दोघींच्या मुलांची जन्मसाले एकमेकांत मिसळलेली असू शकतात.

पाटाबद्दल वडीलधाऱ्यांशी मी आदराने पण ठामपणे बोलेन. पाट ही अनेक जातींत रूढीने मान्य असलेली रीत होती आणि पेशवाईत तर त्यावर पाटदाम नावाचा कर घेतला जात असे. म्हणजे सरकारदरबारीही हा संबंध उघडपणे मान्य होता. ब्राह्मणांसारख्या ज्या जातींत विधवेचे लग्न निषिद्ध होते, तिथे १८५६ च्या कायद्याने त्याला मान्यता दिली. ज्या बाईने दोन संसार केले, तिचा एक संसार पुसून टाकणे मला अन्यायाचे वाटते. निपुत्रिक वारलेल्या बायकांनाही वंशावळीतून असेच गाळले जाते. तिचे नाव मिळत नसेल तरी ‘नाव अज्ञात’ अशी नोंद तिला मिळालीच पाहिजे. हयात माणसांना लागेल असा तपशील छापील प्रतीत न घेता हस्तलिखितात ठेवता येईल.

त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूरला घराण्याचे तीर्थोपाध्याय असतील, तर आडनाव आणि मूळ गाव सांगून त्यांच्या वह्या पाहून घ्या. मजकूर मोडीत असेल तर वाचून घ्यावा लागेल. आपल्या घराण्यातल्या कोणी तिथे येऊन नावे सांगितली असतील, तर बायकांची नावेही त्यात सापडण्याचा संभव आहे. त्या वेळी पान उतरवताना फक्त पुरुषांची नावे घेऊन परतू नका.