जिवाणूची पेशी कशाभिका (जिच्या फिरण्याने ती पुढे सरकते ती शेपटीसारखी दोरी) केव्हा आणि कोणत्या क्रमाने बांधायची हे कसे ठरवते?

क्रमाचे उत्तर ई. कोलाय आणि साल्मोनेला या जिवाणूंत नीट तपासले गेले आहे. एफएलएचडीसी हा मुख्य नियंत्रक तयार झाला की पेशीच्या आवरणात रुतलेला पायथा आणि त्याला तंतूशी जोडणारा पोकळ आकडा, म्हणजे हुक, यांची जनुके सुरू होतात. त्याच टप्प्यात पुढची जनुके सुरू करणारा सिग्मा-२८ हा घटकही बनतो, पण एफएलजीएम हे प्रथिन त्याला अडवून धरते आणि फ्लॅजेलिनचे, म्हणजे ज्या प्रथिनाचा तंतू बनतो त्याचे, जनुक बंद राहते. हुक सुमारे ५५ नॅनोमीटर लांब झाला की एफएलजीएम त्याच पोकळ नळीतून पेशीबाहेर टाकले जाते, सिग्मा-२८ मोकळा होतो आणि फ्लॅजेलिन बनू लागते. एका तंतूला त्याचे हजारो रेणू लागतात. हुकाआधी ते बनवणे निव्वळ नासाडी ठरली असती.

'केव्हा' हा प्रश्न मात्र माझ्या जिव्हारी लागलेला आहे. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत मी काम करीत असताना लघवीच्या नमुन्यातून प्रोटियस हा जिवाणू वाढला आणि ब्लड अगारच्या (रक्त मिसळलेल्या वाढमाध्यमाच्या) सबंध प्लेटवर एकाबाहेर एक वलये पसरली. "मॅडम, प्लेट वाळवली नाही, पाणी वाहिले आहे," असे वरिष्ठांनी सर्वांसमोर सुनावले आणि नमुना पुन्हा मागवला. त्यासाठी वयस्कर रुग्णाला सिन्नरहून दुसऱ्यांदा यावे लागले. त्याच नमुन्याच्या मॅकॉन्की या दुसऱ्या माध्यमाच्या प्लेटवर सुट्या वसाहती शांतपणे बसल्या होत्या, कारण तेथील पित्तक्षार हा प्रसार रोखतात. ती प्लेट कोणी पाहिलीच नाही.

गुस्टाव हाउझर यांनी १८८५ मध्येच प्रोटियसचा हा प्रसार नोंदवला होता. द्रवात या जिवाणूची पेशी जेमतेम दोन मायक्रॉनची असते आणि तिला मोजक्याच कशाभिका असतात. घट्ट पृष्ठभागावर कशाभिकांचे फिरणे अडखळते, त्या अडथळ्यामुळे एफएलएचडीसीचे प्रमाण वाढते, आणि विभाजन थांबलेली पेशी २० ते ८० मायक्रॉन लांब होऊन अंगावर हजारो कशाभिका धारण करते. अशा पेशी समूहाने पुढे सरकतात, थांबतात, पुन्हा आखूड होतात आणि काही वेळाने पुन्हा निघतात. प्रत्येक थांब्याचे एक वलय उमटते. पाणी असे ठरावीक अंतराने थांबत नाही.

ओलाव्याने हा प्रसार सुलभ होतो, हे मला मान्य आहे. वरील क्रमही जिवाणूंपुरताच समजावा. क्लॅमिडोमोनास या शैवालासारख्या दृश्यकेंद्रकी (स्पष्ट केंद्रक असलेल्या) पेशींची कशाभिका सर्वस्वी वेगळ्या रचनेची असते, आणि या शैवालाच्या दोन कशाभिकांपैकी एक तोडली तर दुसरी आखूड होते व पुढे दोन्ही बरोबरीने वाढतात.

आपण प्रयोगशाळेत असाल आणि कोणी वलयांचा दोष आपल्या हातावर ढकलत असेल, तर वाद घालू नका. पसरत असलेल्या वाढीची कड आणि मध्यभाग यांतून वेगवेगळे स्मिअर (काचेवरील पातळ थर) घ्या, ग्रॅम रंजन करून पेशी रंगवा आणि दोन्ही स्लाइड त्यांच्यासमोर ठेवा. कडेच्या स्लाइडवर लांबच लांब पेशी दिसल्या, तर प्लेट वाळवणाऱ्याला बोल लावता येणार नाही.