बांधकामावरचे अपघात टाळण्यासाठी कामगारांमध्ये जागरूकता कशी आणावी?

‘कामगारांमध्ये जागरूकता’ हे वाचलं आणि डोकं सरकलं, म्हणून लिहायला बसलो.

सुपरवायझर म्हणून नवा होतो. ड्रेनेज लाइनसाठी अडीच मीटर खोल चर खणलेला. निघालेली माती तिथंच काठावर रचलेली, टेकू-फळ्यांचा पत्ता नाही. सकाळी काठाला समांतर गेलेली बोटभर रुंद भेग दिसली. मी काय केलं? बुटानं माती लोटून बुजवली. मग साहेबांना म्हटलं, शोरिंग करून घेऊ, म्हणजे चराच्या बाजूंना टेकू-फळ्यांचा आधार देऊ. ते म्हणाले, “अर्ध्या तासाचं काम आहे, फळ्या लावण्यातच दिवस जाईल. माती घट्ट आहे.”

दोन बिगारी खाली उतरले. पाइपाखाली सरकवायला विटेचा तुकडा हवा म्हणून एक वर आला, आणि त्याच्या मागं काठ ढासळला. दुसरा छातीपर्यंत गाडला गेला. घनमीटरभर माती दीड टनाच्या वर भरते. तोंड उघडं असलं तरी छाती फुगत नाही. पोकलेन लावता येईना, हादऱ्यानं उरलेला काठही आला असता. घमेल्यांनी, हातांनी उकरलं. जगला, पण कंबरेतून गेला तो गेलाच.

रिपोर्टमध्ये कारण? ‘कामगाराने हेल्मेट घातले नव्हते.’

तर चर दीड मीटरच्या पुढं गेला की टेकू-फळ्या लावा, नाहीतर बाजू उतरत्या कापा. माती काठापासून निदान दोन फूट लांब टाका. आत शिडी हवीच. पाऊस पडून गेला की पुन्हा तपासा. यातलं बिगाऱ्याच्या हातात काय आहे? फळ्या मागवायच्या कागदावर सही त्याची नसते. परांचीचंही तेच. कठडा नाही, हूक अडकवायला जागा नाही, आणि खाली उभं राहून सेफ्टी बेल्टवर भाषण.

प्रशिक्षण नकोच असं म्हणत नाही. कामगाराच्या भाषेत सकाळची दहा मिनिटं कामी येतात. भेग म्हणजे काठ सुटायला लागलाय हे मला कुणी सांगितलं असतं तर मी ती बुजवली नसती. आणि दीड मीटरच्या आत म्हणजे बिनधास्त, असंही समजू नका. वाळूसर मातीत कमी खोलीचा चरही ढासळतो.

साहेब मध्यंतरी भेटले. विषय मीच काढला. “हेल्मेट नव्हतंच ना त्याच्या डोक्यावर?” म्हणाले.

नव्हतं. डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.