‘मदत केली’ हे शब्द आधी खोड

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

टीमलीडर झालास, सात जणांचं अप्रेझल पहिल्यांदाच तुझ्या हाती आलं, हे वाचून बरं वाटलं. पण पत्राच्या शेवटी तू सहज एक वाक्य लिहून गेलास, ते काही डोक्यातून जाईना. ‘दोघी मुली चांगल्या आहेत, सपोर्ट करतात, पण फॉर्ममध्ये लिहिण्यासारखं काही नाही.’

तू ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत बसून हे लिहिलंस. मी त्याच ठाणे-बेलापूर रोडवर, एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, अठ्ठावीस वर्षं हेच लिहीत आलो. माझ्याकडे लॅपटॉप नव्हता, मस्टर होतं, एवढाच फरक.

आमच्या पॅकिंगला एक बाई होत्या. बाटलीचं झाकण बोटांनी नुसतं फिरवून, ही गळणार की नाही, ते सांगायच्या. मशीन लावायला आलेला फिटरसुद्धा आधी त्यांना विचारायचा. नव्या पोरींना त्याच शिकवायच्या, आणि माल परत आला की चूक कुठल्या लायनीत झाली ते त्याच शोधायच्या. मस्टरमध्ये मात्र त्यांच्या नावापुढे मी दरवर्षी एकच शब्द लिहिला: अकुशल. पगाराची श्रेणी त्या शब्दावर ठरायची. त्यांनी काम सोडलं तेव्हा दाखलाही मीच टाइप केला, ‘पॅकिंग विभागात मदतनीस’. सोबत आलेल्या मुलीने तो वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, “साहेब, एवढंच?” मी म्हटलं, फॉर्मेट तसाच आहे. खोटं नव्हतं ते. फॉर्मेट खरंच तसा होता. पण खाली दोन ओळी जास्त टाइप करायला मला कुणी अडवलं नव्हतं.

हे मला घरूनच कळायला हवं होतं. आमची खाडीकाठची भातशेती. राब, लावणी, बेणणी, झोडणी, सगळ्यात आय, म्हणजे माझी आई, असायची. उन्हाळ्यात मिठागरावर पाट्या वाहायची, पावसाळ्यात खाडीतल्या चिंबोऱ्या घेऊन बाजार गाठायची. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून आजोबा, मग बाबा आणि काका. 1970 साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी गावोगावच्या जमिनी गेल्या. मोबदला सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. लावणीची मजुरी, मिठाची पाटी, बाजारातले सुटे पैसे, असं जे जे आय कमवायची ते त्या जमिनीबरोबर बुडालं. पण त्याची भरपाई कोण देणार? ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. जमीन गेलेल्यांचे पुढारी दि. बा. पाटलांचा लढा झाला, 1984 साली जासईला पोलिसांच्या गोळीबारात रक्त सांडलं, पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. भूखंड आले तशी घरोघरी बहिणींची हक्कसोड पत्रं निघाली. माझ्या आत्यांनीही सह्या केल्या, भावाशी वाकडं नको म्हणून. आम्ही त्यांना साडी-चोळी केली आणि त्या किती मोठ्या मनाच्या, ते गावभर सांगितलं. कौतुक नेहमीच स्वस्त पडतं.

तू म्हणशील, काका जुन्या गोष्टी सांगतात. मग ही घे. 2001 च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका भिकारी आणि कैद्यांच्या पंक्तीत, काम न करणाऱ्यांच्या रकान्यात बसवल्या होत्या. रस्ता अपघातात गेलेल्या एका गृहिणीच्या भरपाईचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 2010 साली न्यायालयाने यावर कडक ताशेरे ओढले. म्हणजे बाई मेल्यावर तिच्या कामाची किंमत काढायची वेळ आली, तेव्हा कळलं की जिवंतपणी ती कुणी मांडलीच नव्हती. 2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बायकांची बिनपगारी घरकामाची रोजची सरासरी 289 मिनिटं आली, पुरुषांची 88. आणि ही 88 मिनिटं फक्त जे पुरुष असं काही काम करतात त्यांची. जे ताटावरून उठतच नाहीत ते त्या सरासरीत नाहीत.

आता तुझ्या फॉर्मकडे ये. ‘मदत केली’, ‘सपोर्ट’, ‘समन्वय’ हे शब्द आधी खोड. त्या जागी क्रियापद लिही, आणि कर्त्याचं नाव. नव्या पोरांना कोणी शिकवलं? किती जणांना, किती दिवस? रात्री अडकलेला क्लायंट कोणी शांत केला? जी नोट वाचून तू स्वतः काम समजून घेतलंस, ती कोणी लिहिली होती? आठवत नसेल तर जुने मेल उघड. फॉर्ममध्ये रकाना नसेल तर शेरा लिहायच्या जागेत लिही, आणि वरच्यांनी विचारलं तर उत्तर तयार ठेव.

मीटिंगचं टिपण पाळीपाळीने सगळ्यांना दे, स्वतःलाही. कुणाचा केक आणायचा, दिवाळीला रांगोळी कोण काढणार, हे दर वेळी त्या दोघींकडेच का जातं ते बघ. 8 मार्चला गुलाब वाटायचे तर वाट, माझं काही म्हणणं नाही. पण त्याच महिन्यात अप्रेझलमध्ये ‘अपेक्षेप्रमाणे’ लिहून मोकळा झालास तर त्या गुलाबाचा त्यांना रागच येईल. आणि त्यांच्यावर उपकार करतोयस असा सूर लावू नकोस. हिशेबातली चूक दुरुस्त करतोयस, एवढंच.

घरच्या बाबतीत मी तुला शहाणपण शिकवत नाही. छत्तीस वर्षं बायको रोज नोकरीवरून आली की आधी कुकर लावायची, आणि मी पेपर वाचायचो. निवृत्त झाल्यावर मी भांडी घासायला लागलो, तर शेजारी म्हणाले, “काका वहिनींना किती मदत करतात!” वहिनींनी घरात येऊन फक्त विचारलं, “भांडी माझी एकटीची होती का?”

फॉर्म पुन्हा लिहून काढ आणि शनिवारी घेऊन ये, पाठवण्याआधी बसून बघू. घणसोलीला उतरलास की फोन कर. कोलंबी मी आणणार आहे आणि सोलणारही मीच, तेव्हा जेवायला जरा उशीर होईल.

तुझा,
काका