पाडव्याला आजीला फोन कर

प्रिय चिऊ,

तू विचारलंस, ‘ठाण्याला आजीकडे यंदा कंदील आणि फराळ का नाही? आणि दिवाळीत मी तिच्याशी बोलू काय?’

घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरी सण करत नाहीत. बऱ्याच घरांत फराळासाठी कढईसुद्धा चढत नाही. मग शेजारी आणि नातेवाईक फराळाचे डबे आणून देतात. मला ही रीत फार आवडते, कारण त्यामुळे दुःखातल्या घराची बेल वाजत राहते. पण दारातच डबा देऊन माणूस वळला, तर आजी पुन्हा एकटीच. म्हणून समोरच्या काकूंना सांगितलंय, आत जाऊन वीस मिनिटं बसा आणि चहा आजीलाच करू द्या.

लक्ष्मीपूजनाला तिला ढीगभर फोन येतील. अवघड दिवस पुढचा, पाडव्याचा. त्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते. इतकी वर्षं आजीने आजोबांसाठी पाट मांडला, यंदा तो मांडायचा नाही. भाऊबीजेला तिचा भाऊ येईल. पाडव्याला मात्र तिचं असं कुणी नाही, तेव्हा तू तिला त्याच दिवशी फोन कर.

वेळही सांभाळ. पहाटे आणि संध्याकाळी नौपाड्यात फटाके वाजतात, तिला ऐकू येत नाही आणि ती नुसतं ‘हो हो’ म्हणते. तिथले दुपारचे चार बरे. तेव्हा आपल्याकडे न्यू जर्सीत सकाळचे साडेसहा असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेपाच. व्हिडिओ कॉल करताना उजेड तुझ्या तोंडावर पडू दे, ती ओठ बघून समजून घेते. आणि एका वेळी एकानेच बोलायचं.

‘हॅपी दिवाळी’ नको. ‘रडू नकोस’ही नको. आजोबांचं नाव टाळू नकोस. ‘पाडव्याला आजोबा ओवाळणी काय घालायचे गं?’ असं सरळ विचार. ती गप्प झाली तर मनात दहा आकडे मोज, मध्ये बोलू नकोस. रडली तर रडू दे. तुझ्यामुळे काही बिघडलेलं नसतं.

मग तिला काम दे. आपण इथे चकली करणार आहोत, तर भाजणी तिलाच विचार. चार वाट्या तांदूळ, दोन हरभराडाळ, एक उडीदडाळ, अर्धी मूगडाळ, हे मला पाठ आहे, तरी विचार. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की कडक होते. ते नेमकं कसं ओळखायचं हे तिच्या हाताला ठाऊक आहे. पहिला घाणा झाला की तिला दाखव.

राममारुती रोडवर आणि तलावपाळीला दिवाळी पहाटेची गर्दी तरुण मुलांची असते. तिथे चल म्हणून कुणी तिला ओढू नये. दुपारी कोपिनेश्वराच्या देवळात जायला ती तयार होईल.

मामाने मात्र लक्ष ठेवायचंय. दोन आठवडे जेवण ताटात उरतंय, रात्री तीनला जाग येते, तळ्यावरचा फेरा बंद झालाय, असं दिसलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. मनाच्या त्रासासाठी १४४१६, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. हे फोन तिथूनच लावायचे.

भाऊबीजेनंतर डबे थांबतात, पाहुणे जातात आणि घर एकदम गप्प होतं. तेव्हा तुळशीच्या लग्नापर्यंत दर बुधवारी आणि शनिवारी तुझा फोन. वार तिला आधीच सांगून ठेव, म्हणजे ती वाट बघेल.

तुझी,
आई