जंगलातली माकडं खरंच दगडाने फळं फोडतात का, की हे फक्त चिंपांझींनाच जमतं?

हो, फोडतात, आणि तीही कुणी न शिकवता. पण माकडांच्या मोजक्याच जातींत ही सवय दिसते. (चिंपांझी माकड नव्हे, तो शेपूट नसलेला कपी, म्हणजे एप.) सर्वांत चांगला अभ्यास झालाय तो ब्राझीलमधल्या दाढीवाल्या कॅपुचिन माकडांचा. तीन-चार किलोचा नर सुमारे एक किलोचा दगड दोन्ही हातांनी उचलतो, मागच्या पायांवर उभा राहतो आणि खाली आपटतो. खरी करामत त्याआधीची. ताडवर्गातल्या झाडाचं टणक फळ तो ऐरणीसारख्या खडकावरच्या किंवा ओंडक्यावरच्या खळग्यात दोन-तीनदा ठोकून बघतो आणि न लोळता स्थिर बसलं की मगच सोडतो. ते नीट बसलं नाही तर घाव तिरका लागतो आणि फळ उडून जातं. वालुकाश्म ठिसूळ, फळाआधी तोच फुटायचा, म्हणून क्वार्टझाइटसारखा कठीण दगड निवडतात. पिल्लांना हे जमायला काही वर्षं लागतात. तोवर मोठ्यांच्या शेजारी बसून उरलेले तुकडे खात नुसती ठोकाठोक चालते. ब्राझीलमधल्याच सेरा दा कापिवारा राष्ट्रीय उद्यानातल्या उत्खननात कॅपुचिनांची अशी सुमारे 3,000 वर्षं जुनी दगडी हत्यारं सापडली (2019). थायलंडच्या किनाऱ्यावर लांब शेपटीची मकाक माकडं दगडाच्या टोकाने खडकाला चिकटलेले कालव फोडतात. एक मात्र लक्षात ठेवा: एकाच जातीतले सगळेच कळप हे करतात असं नाही. योग्य दगड, कठीण फळ आणि जमिनीवर वावर, हे तिन्ही जुळावं लागतं.